लाभाचा गोटा

पिंपळझरीच्या बरडावर एक पायवाट होती आणि ती कुठंच जात नव्हती.

गावात कोणालाही विचारलं असतं तर अशी वाटच नाही म्हणून त्यानं छातीठोक सांगितलं असतं. बरडावर जायचं काम काय पडतंय? तिथं मुरूम, बोराटीची काटेरी झुडपं आणि मधूनमधून मोठाल्या काळ्या गोट्यांची रिंगणं. त्या रिंगणांना गाव 'भुताची खळी' म्हणायचं. आपण धान्य मळायला गोल खळं करतो तशी भुतांनीही आपली करून ठेवली आहेत, एवढीच गावाची समजूत. गुराखी ढोरं अलीकडूनच वळवत. मोठ्या रिंगणात तर ढोर आपणहूनच पाय टाकत नसे. आतलं गवत उभ्याउभ्या वाळून पडायचं, पण त्याला तोंड लावलेलं कधी दिसायचं नाही.

सन दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक मुलगी आली. रुचिका तिचं नाव. नदीवर धरण बांधून झालं होतं, त्याच पावसाळ्यात पाणी अडवणार होते, आणि त्याआधी ही रिंगणं मोजून-मापून त्यांची नोंद करायचं काम तिच्याकडे होतं. ही तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची थडगी आहेत, असं ती सांगायची. तिच्याजवळ उपग्रहानं आकाशातून काढलेला बरडाचा मोठा फोटो होता. त्यात रिंगणं दिसत होती, बाभळी दिसत होत्या आणि केसासारखी एक बारीक पांढरी रेघही दिसत होती. गावाच्या टोकाच्या घरामागून निघालेली, नीट वर चढलेली आणि सगळ्यात मोठ्या रिंगणापाशी येऊन संपलेली.

गाव तोवर जवळजवळ उठून गेलं होतं. आष्टीच्या रस्त्याला नवीन गावठाण बसलं होतं. जाताना लोकांनी दारं, चौकटी, सागाची लाकडं, कौलं, सगळं उतरवून नेलं. उरल्या नुसत्या भिंती आणि त्यांतली भोकं. भर दुपारी त्या गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज समोरच्या घरातून परत यायचा आणि आत कोणीतरी चालतंय असं वाटायचं. सोबत नेलेली कुत्री नव्या गावठाणातून पळून आली होती आणि आपापल्या घराच्या उंबऱ्याच्या जागी बसून होती. ती भुंकत नव्हती. रुचिका पहिल्या दिवशी त्या गल्लीतून आली तेव्हा सगळ्या कुत्र्यांनी तिच्याकडे नुसतं मान वळवून पाहिलं.

टोकाच्या घरात आनंदाबाई एकटीच राहिली होती. नवरा मागंच वारला होता. मुलगा गजेंद्र बायको-पोरांना घेऊन गावठाणात गेला होता आणि रोज येऊन आईला चल म्हणून विनवत होता. पण आनंदाबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. घरांवर नंबर टाकायला माणूस आला तेव्हा तिनं आधी त्याला चहा पाजला, मग त्याच्या हातातला रंगाचा डबा काढून घेतला आणि वर त्यालाच विचारलं, की बाबा, तुझ्या घरावर नंबर कोणी टाकला? तो बिचारा चहा पिऊन नुसताच परत गेला. अशी ही बाई. तिच्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे, ते लपवून काय करू?

रुचिकानं तो फोटो तिच्या ओसरीवर पसरला. "मावशी, ही वाट तुमच्या मागच्या दारातून निघते. कोणाची आहे? गावात कोणी सांगत नाही."

आनंदाबाईनं रेघेवर बोट ठेवलं आणि बोटाच्या टोकानं ती पार वरपर्यंत चढत गेली. जे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला कळू दिलं नव्हतं, ते कोणीतरी आभाळातून पाहून कागदावर उतरवलं होतं.

"वरून मानूसबी दिसते काय वो?"

"नाही मावशी. माणूस त्या मानानं फार लहान. पण एकच माणूस वर्षानुवर्षं एकाच जागेवरून गेलं की जमीन घासते. ते दिसतं."

"मंग थे वर बसून कोन पाह्यते?"

"कोणीच नाही. नुसतं यंत्र असतं."

कोणीच नाही, हे ऐकून तिला जास्तच कसंतरी झालं.

"वाट माहीच हाये," ती म्हणाली. "काऊन जातो थे नको विचारू."

रुचिकानं विचारलं नाही. तुम्हाला मात्र सांगायला हवं. आनंदाबाई हिंगणीकडून लग्न होऊन इथं आली, आणि पहिली मुलगी झाली. पाचवी झाली, सटवाईची पूजा झाली, सगळं रीतसर. नवव्या दिवशी पहाटे लेकरू गार लागलं. बारसं व्हायचं होतं, म्हणजे नावसुद्धा नाही. एवढ्या लहानग्यांना जाळत नाहीत, पुरतात. बाळंतिणीनं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही हा रिवाज, मग ती ओरडो की रडो. सासू देवकाबाईनं आपल्या लुगड्याचा तुकडा फाडला, त्यात लेकरू गुंडाळलं आणि सासऱ्याला घेऊन ती बरडावर गेली. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मुरमानं लाल झाले होते.

"कुठं ठेवलं, माय?" आनंदाबाईनं विचारलं.

"खळ्यातल्या गोट्याखाली हाये. शोधू नको अन् गोटे मोजू नको. मोजले का एक कमी भरते. मंग थो कमी पडलेला आपल्या घरातून भरून घेतेत."

कोण भरून घेतात, ते देवकाबाई बोलली नाही. पुढं गजेंद्र झाला आणि आनंदाबाईची मोजायची हिंमतच झाली नाही. पण जायची मात्र. दुपारी गाव पेंगत असलं की मागच्या दारानं निघायची आणि मोठ्या रिंगणात जाऊन बसायची. आज या गोट्याशी, पुढच्या खेपेला दुसऱ्या. कुठला आपला हे ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांना सारखाच हात लावायचा. आत पाऊल टाकलं की किड्यांची किरकिर थांबायची. वारा बाहेर बोराटीला हलवत असायचा, आत तिचा पदरही हलायचा नाही. उन्हानं तापलेले गोटे मधूनच टक् करून वाजायचे, एक वाजला की जरा थांबून समोरचा. हाक मारायची तर लेकराला नाव नव्हतं. मग ती नुसतीच बसून यायची. गजेंद्र कॉलेजात गेला, नवरा गेला, केस पांढरे झाले, तरी तिचं जाणं सुटलं नाही.

देवकाबाई मेली तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. गावात तिच्यासारखं धान्य मोजणारं कोणी नव्हतं. खळ्यात पायली भरायला बसली की पहिल्या पायलीला आपल्याकडच्या रीतीप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आणि मग दोन, तीन असं पुढं. शेवटच्या दिवशी तिची वाचा जवळजवळ गेली होती. सुनेचा हात घट्ट धरून ती एकच बोलत राहिली, "लाभाखाली... लाभाखाली..." म्हातारीचा जीव राशीत अडकला म्हणून लोकांनी तिच्या मुठीत ज्वारीचे दाणे ठेवले. तिनं ते फेकून दिले आणि सुनेकडे रागानं पाहत ती गेली. तो राग आनंदाबाईला कधी उमगला नाही.

आता पाणी येणार होतं. घरांचा हिशेब लागला, विहिरींचा लागला, आंब्याच्या झाडांचासुद्धा लागला. आनंदाबाई भरपाईच्या सुनावणीला जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माही पोरगी बरडावर हाये, तिले कुठं जागा देता?" साहेबानं पेन उचललं आणि मुलीचं नाव विचारलं. नाव नाही म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. त्या माणसाचा मला आजही संताप येतो, पण त्याची तरी काय चूक, नाव नसलेलं माणूस तो लिहिणार कुठं? आनंदाबाईला एवढंच हवं होतं. पाणी चढण्याआधी पोरीला तिथून उचलायचं आणि गावठाणातल्या आपल्या अंगणात आणायचं. पण कुठल्या गोट्याखालून? गोटे इतके, आणि एकेकाच्या बुडाशी खणून पाहायचं म्हणजे भुताचं सगळं खळंच उकरायचं.

म्हणून रुचिका मोठ्या रिंगणाचं मोजमाप घ्यायला निघाली तेव्हा आनंदाबाई न बोलावता तिच्याबरोबर निघाली. फीत धरायला गावठाणातला गुलाब होता. त्याला रोजी मिळत होती, नाहीतर तो बरडाकडे पाठ करून झोपणारा माणूस. पण आनंदाबाईसोबत असल्यावर भुतांची काय टाप, असा त्याचा हिशेब.

रुचिका कागद घेऊन रिंगणाच्या मध्यावर उभी राहिली. "मावशी, तुम्ही एकेका गोट्याला काठी टेकवत मोठ्यानं मोजा. तुम्ही आकडा बोललात की मी कागदावर त्या जागी टिंब देते."

मोजा म्हटल्याबरोबर आनंदाबाईला सासूची ताकीद आठवली. पण पाणी येणार, मग आता कसली भीती, असं तिनं मनाला बजावलं. काठी टेकली आणि ती फिरू लागली. आकडा बोलला की कागदावर टिंब. फेरी पुरी झाली. शेवटच्या गोट्यापाशी आनंदाबाई "सतरा" म्हणाली.

रुचिकानं टिंबं मोजली. सोळा.

"चुकलं माझं," ती हसून म्हणाली. "पुन्हा एकदा."

पुन्हा फेरी झाली. तोंडी सतरा, कागदावर सोळा. रुचिकाचं हसू मावळलं. तिसऱ्या वेळी ती प्रत्येक टिंबाला मान हलवत होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि तरी सोळाच. बाहेर वारा जोरात होता, बोराटी लवत होती, पण तिच्या हातातला कागद फडफडतसुद्धा नव्हता. मागं कुठंतरी एक गोटा टक् करून वाजला.

"एक कमी भरते," गुलाब पुटपुटला. "म्हतारे सांगेत थे खोटं नाई." त्यानं फीत तिथंच टाकली. "काकू, म्या चाललो. तुमी बी चला. हे आता घरातून भरून घेतेत." आणि तो काट्याकुट्यातून सरळ खाली पळाला.

आनंदाबाईला गजेंद्र आठवला. सकाळीच तो ट्रॅक्टरवर लाकडं भरून घाटातून गेला होता, ब्रेकची तक्रार करत. पोरगी शोधायच्या नादात पोरगा घालवला, असं तिच्या मनानं ठाम घेतलं, आणि ती मटकन खाली बसली. इतकी वर्षं जी बाई भल्याभल्यांना चहा पाजून झापत आली, ती त्या रिंगणात लहान पोरीसारखी रडू लागली.

रुचिका धावत आली, पाणी दिलं, तिचे हात चोळत बसली. मग ती आपल्या कागदाकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुम्ही एक म्हणतच नाही. सुरुवात दोनपासून करता. पहिल्या गोट्याशी काहीतरी देवाचं नाव घेता आणि मग दोन. मी टिंब दोनला द्यायला लागते."

"देवाचं नाव काऊन घेईन? लाभ म्हनतो मी. लाभ, दोन, तीन."

"लाभ म्हणजे?"

"लाभ म्हंजे एकच, बाई! पह्यला. राशीवर एक नाई म्हनत, लाभ म्हनतेत. एवढं शिकली अन् थेबी..."

आणि तिचं बोलणं तिथंच थांबलं. आतापर्यंत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. लाभ म्हणजे काय, हे तिच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागलं आणि सांगता सांगता आपलाच आवाज तिच्या कानावर पडला. लाभ म्हणजे पहिला. पहिल्याखाली.

गजेंद्रचं काही झालं नव्हतं, गोटे कमी नव्हते, चूक होती ती पुण्याच्या पोरीच्या टिंबाची. पण हे सगळं तिला नंतर सुचलं. आधी तिला दिसली ती सासूची मरतानाची नजर. म्हातारी रागावली होती ती ज्वारीचे दाणे हातात दिले म्हणून. ती शेवटी ठिकाण सांगत होती, आणि सून ऐकून धान्य समजत होती.

"तुम्ही तिन्ही वेळा एकाच गोट्यापासून सुरुवात केली," रुचिका म्हणाली.

केली होती खरी. खळ्यावर मोजायला बसताना उगवतीकडून सुरू करायचं, हे देवकाबाईनंच तिला शिकवलं होतं. उगवतीचा गोटा. सगळ्या गोट्यांना टेकून ती बसली होती, पण या एकाशी फारशी बसत नसे, कारण तिथं उन्हाची तिरीप सरळ डोळ्यावर यायची.

ती उठली आणि काही न बोलता आपल्या वाटेनं घरी गेली. परत आली तेव्हा हातात लोखंडी सब्बल होती, टोपलं होतं आणि काखेत एक नवं दुपटं. गावठाणात न्यायचं म्हणून तिनं ते होळीनंतरच शिवून ठेवलं होतं.

"मावशी, इथं खणता येणार नाही," रुचिका म्हणाली. "मला फक्त वरून नोंदणीची परवानगी आहे."

"तुही परवानगी गोट्याची हाये. हे माहं लेकरू हाये."

रुचिका बाजूला झाली. आनंदाबाईनं गोट्याच्या बुडाशी, आतल्या अंगाला सब्बल घातली. मुरूम आधी कडक लागला, मग एकदम भुसभुशीत. हातभर खाली एक चपटा दगड लागला, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवतात तसा. आनंदाबाईनं सब्बल टाकली आणि दोन्ही हातांनी तो दगड उचलून कडेला केला.

आधी दिसले काळे मणी. मनगटाएवढ्या गोलात, दोरा केव्हाच कुजून गेलेला, पण मणी जागच्या जागी. दिवस भरत आले तेव्हा उंबऱ्यात बसून तिनंच ते ओवले होते. भोवती कापडाचा एक बुरसट धागा, आणि काडीएवढी बारीक दोन-तीन हाडं. आनंदाबाईनं मण्यांना नुसतं बोट लावलं. ती रडली नाही. "इथं हायेस काय?" असं म्हणाली, रोजच्यासारखं, जसं शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारावं.

मग रुचिकानं पुढं वाकून बोट दाखवलं.

मण्यांना लागूनच, हाताच्या अंतरावरही नाही, एक मडकं आडवं ठेवलेलं होतं. तळाला तांबडं, तोंडाशी काळं. देवकाबाईनं त्या दिवशी खणताना ते बाहेर काढलं नव्हतं की फोडलं नव्हतं. भोवतीची माती हातानं सारून त्याच्या कुशीला तिनं नात ठेवली होती, आणि वरून दोघांवर मिळून एक दगड. मडक्याच्या तोंडातून आत दिसत होतं. बारीक हाडं, तशीच काडीएवढी. आणि मण्यांचं एक कडं. ते लाल दगडाचे होते, पण कड्याचा गोल तेवढाच होता, नऊ-दहा दिवसांच्या लेकराच्या मनगटाचा.

"हे कोन?" आनंदाबाईनं विचारलं.

"ज्यांनी हे गोटे लावले, त्यांचं," रुचिका म्हणाली. "तीन हजार वर्षं झाली असतील. मावशी, असं काही मी आजवर पाहिलं नाही. पाणी आलं तर हे जाईल. मी वर कळवते, हे नीट काढून संग्रहालयात ठेवायला हवं." बोलता बोलता तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला होता. तिला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

"थिथं कसं ठेवतेत?"

"काचेच्या पेटीत."

"एकटंच?"

रुचिकानं कॅमेऱ्यावरचा हात काढला.

आनंदाबाई खड्ड्याशी उकिडवी बसून राहिली. पस्तीसहून अधिक वर्षं तिला एकाच गोष्टीनं पोखरलं होतं. एवढंसं लेकरू, नाव नाही, दिवा नाही, भुताच्या खळ्यात एकटं. सासूला तिनं त्यासाठी मनातून कधी माफ केलं नव्हतं. आणि ती सासू, तोंडानं फटकळ, हातानं राकट, नातीला सोबत पाहून ठेवून आली होती आणि ते ठिकाण कोणी मोडू नये म्हणून मोजायची भीती घालून ठेवली होती.

मग तिनं बाजूला ठेवलेलं दुपटं उचललं आणि झटकलं. रुचिकाला वाटलं, आता ती मणी उचलणार.

"मले तिले न्यायचं होतं," आनंदाबाई म्हणाली. "पन मी हिले नेलं तं थे एकटं राह्यते. अन् त्याची माय इथं नाई, विचारू कोनाले?"

"मावशी, पाणी येईल."

"येऊ दे. दोघं हायेत."

रुचिकानं कॅमेरा पिशवीत घातला. मुरमाचं टोपलं ओढून जवळ घेतलं आणि ती थांबून राहिली. आनंदाबाईनं खाली वाकून दुपटं पसरलं, आधी मडक्याच्या बाजूनं, मग मण्यांच्या, आणि कडा आत खोचल्या. एका लेकराच्या मापाचं शिवलेलं दुपटं दोघांना पुरलं.